मागच्याला जाऊ द्या

उखर्डू,

तू चाळीसनं गाडी चालवायचास आणि मला त्याचा राग यायचा. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. व्हॅन सोडून तू गावी गेलास त्याला आता आठ महिने झाले. बुऱ्हाणपुरात, आमच्या लालबागच्या गल्लीत, शाळेची नवी व्हॅन येते, हॉर्न वाजवते, पोरं कोंबते आणि उडते. तू हॉर्न कधी वाजवला नाहीस. फाटकापाशी उभा राहून नुसता खोकायचास, आणि त्या खोकण्याला आख्खी गल्ली पायात बूट घालायची.

तुला यातलं बरंच ठाऊक आहे. पण हे चारचौघांनी वाचावं म्हणूनही लिहिते आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगते. कंटाळा आला तर पान उलट, मला राग नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून मी निवृत्त झाले होते आणि खकनार रस्त्यावरच्या त्या शाळेच्या कमिटीवर मला घेतलं होतं. का, तर मी बैठका लवकर संपवते म्हणून. तुझ्याविरुद्ध अर्ज आला. अठरा पालकांच्या सह्या. व्हॅन रोज उशिरा पोचते, ड्रायव्हर नको तितका हळू चालवतो, तो बदलावा. सगळ्यांत वर सही विपुलची. शनवारा भागात कापडाचं दुकान, घरात दोन गाड्या, आणि एका जागी दोन मिनिटं उभं राहायची सवय नाही.

"मॅडम, स्कूटीवाल्या बायका याला ओव्हरटेक करतात," तो मला म्हणाला. "बच्चे लोग शरमतात. माझी हिमानी म्हणते, पप्पा, आमची व्हॅन म्हणजे बैलगाडी आहे."

"बैलगाडीला कोणी मागून ठोकत नाही," मी म्हटलं खरं, पण मनातून मी त्याच्याच बाजूची होते. मला स्वतःला हळूपणा सोसत नाही. दूध उतू जायला वेळ लागला तरी मी चिडते.

कमिटीनं ठरवलं की मी एक दिवस व्हॅनमधून जावं आणि लिहून द्यावं. मी 'बदला' म्हटलं असतं तर पहिल्या तारखेपासून व्हॅन दुसऱ्याला. म्हणजे तुझं सगळं माझ्या एका कागदावर होतं, आणि ते तुला माहीत होतं. तरी त्या सकाळी तू काट्याला चाळीसच्या वर एक रेघ जाऊ दिलं नाहीस. मला वाटलं, हा माणूस एक तर फार साधा आहे किंवा फार आगाऊ.

मी पुढच्या सीटवर बसले. मागे चौदा पोरं, दप्तरं आणि डब्यांतल्या भाजीचा वास. गावाबाहेर पडलो, वेगमर्यादा चाळीसची पाटी गेली, आणि मागे एक पांढरी गाडी येऊन चिकटली. चिकटली म्हणजे किती? तुझ्या आरशात तिचा नंबर दिसेना, इतकी. पों पों सुरू झालं. समोरून केळीचे ट्रक एकामागून एक, त्यामुळे तिला पुढे जाता येईना. ती उजवीकडे डोकवायची, परत मागे यायची, आणि आणखी जवळ यायची.

माझं डोकं तापलं. "तू वाढव तरी, नाहीतर त्याला धडा तरी शिकव," मी म्हटलं. "एकदा कचकन ब्रेक दाब. पाचावर धारण बसेल त्याची."

तू रस्त्यावरून नजर काढली नाहीस. "नाही म्याडम."

"का नाही?"

"मागच्यावर माहा इलाज नाही. पुढच्यावर आहे."

आणि तू काय केलंस ते मी नीट पाहिलं. समोरच्या ट्रॅक्टरपासून तू आणखी मागे राहिलास. इतका, की मधल्या जागेत एक मोटरसायकल येऊन बसली. तिच्यासाठीही तू पुन्हा जागा सोडलीस. मी विचारलं, हा काय उलटा कारभार? तू म्हणालास, "पुढं जागा असली तं माले जोरात ब्रेक लागत नाही. मी हळूहळू थांबलो का मागचा बी हळूहळू थांबते. त्याचा ब्रेक बी मीच मारतो म्हणा ना. त्याले मालूम नाही, एवढंच."

तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले की वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं. आणि तीच मी, ब्रेक मार म्हणून तुझ्या कानाशी ओरडत होते.

पुढे रस्त्याच्या कडेला मुरूम टाकलेली रुंद जागा आली. तू बरंच आधी डावा दिवा लावलास, कडेला घेतलंस आणि खिडकीतून हात काढून म्हणालास, "जा रे भाऊ, जा." रागानं नाही. पाहुण्याला आधी पाट द्यावा तसं. पांढरी गाडी सूं करून निघाली, आणि मागच्या सीटवरून हिमानी किंचाळली,

"पप्पा! अरे, ते तो मेरे पप्पा होते! पप्पाऽऽ!"

सगळी पोरं खिदळली. हिमानी मागच्या काचेतून केव्हापासून हात हलवत होती म्हणे. पप्पांचं लक्ष नव्हतं. विपुलला कुठल्याशा गावी माल पाहायला जायचं होतं आणि उशीर झाला होता. तू हसला नाहीस. आरशात पाहून पोरीला म्हणालास, "बस बेटा, खाली बस."

पोरं उतरली. परतताना व्हॅन रिकामी, आणि मी नको तितके प्रश्न विचारणारी बाई. तुझं नाव मला तेव्हाच कळलं कसं पडलं ते. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं तुला उकिरड्यावर लोळवून घेतलं, देवाला वाटावं हा टाकलेलाच आहे. "टाकेल माणूस लवकर मरत नाही," तू म्हणालास, आणि पहिल्यांदा हसलास.

सोळाव्या वर्षापासून तू केळीच्या गाडीवर. वावरातून घड भरायचे, मंडीत न्यायचे. माल मालकाचा, पण डाग पडला तर बोलणी ड्रायव्हरला. मला तू जे सांगितलंस ते मी अजून लोकांना सांगते. केळीला आज लागलेला मार आज दिसत नाही. हिरवी असते तोवर घड कसा चकचकीत. तीन-चार दिवसांनी ती पिकते, आणि जिथे दचका बसला तिथे काळी पडते. तोवर गाडीवाला घरी जेवून झोपलेला. "म्हणून आम्ही दचका देतच नाही," तू म्हणालास. "पोरं बी तशीच नेतो."

"मग एवढं शहाणपण पहिल्यापासून होतं?"

तू गाडी कडेच्या निंबाखाली उभी केलीस. चालवताना तू असलं बोलत नसायचास.

मे महिना होता, म्हणालास. भर दुपारी तू भरलेली गाडी घेऊन येत होतास. घडांवर ओली पानं पसरलेली. मागे एक मोटरसायकल लागली. दोन मैल झाले, तीन मैल झाले, मागून हटेना. पुढे जायला रस्ता मोकळा होता, तू दोनदा हात केलास, तरी जाईना. हॉर्न वाजवेना, आणि जाईहीना. तुला वाटलं, घड ओढायला लागलेत. नाहीतर मुद्दाम पिडतात. त्या वेळचे सगळे ड्रायव्हर करायचे तेच तू केलंस. मागच्याला 'दाखवायला' ब्रेकवर पाय मारलास. अर्धा क्षण.

मोटरसायकल मागच्या फाळक्यावर आदळली. चालवणारा चुडामण उडून शेतात पडला, त्याला खरचटलं. मागे बसलेली त्याची बायको सरुबाई गाडीखाली अडकली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं.

तूच त्यांना दवाखान्यात नेलंस. बाकावर बसून तू चुडामणला विचारलंस, रस्ता खाली होता, पुढं का नाही गेलास बाबा? आणि तो म्हणाला,

"सावलीले होतो भाऊ. हिले ऊन सोसत नव्हतं. तुमच्या पानाईचा गारवा येत होता."

ते कुणाला पिडत नव्हते. त्यांना घाई नव्हती. ते तुझ्या सावलीनं चालले होते.

यावर चुडामणनं काय करावं? त्यानं तुझे हात धरले आणि माफी मागितली. चूक आमचीच, मागं चिकटायला नको होतं, तुमी देवासारखे थांबले. पोलीस आला, त्यानंही तेच लिहिलं: मागून धडकले. आणि तू मान हलवलीस. सरुबाई त्यानंतर पाय ओढत चालते. चुडामण पुढे दुसऱ्याच आजारानं गेला. तू केळीची गाडी सोडलीस ती त्याच साली. पण ब्रेक मुद्दाम मारला, हे तू कोणाला सांगितलं नव्हतंस. बायकोलाही नाही.

"उद्या बैठकीत मी सांगून टाकतो म्याडम," तू म्हणालास. "इच्चारलं तं नाही, पण सांगतो. मनावर लय दिवसाचं आहे."

आता माझं ऐक. मी विचार न करता बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या वेळी मी विचार केला होता. या अठरा पालकांना एवढंच ऐकू जाईल की ड्रायव्हरनं बाईचा पाय मोडला. तुझा हळूपणा कशातून आला हे कोणी ऐकणार नाही. संध्याकाळपर्यंत व्हॅन दुसऱ्याच्या हातात, आणि तो दुसरा सत्तरनं जाणार. म्हणून मी तुला झापलं.

"मूर्खपणा करू नकोस. त्यांचा काय संबंध? सांगायचं तर जिचा पाय आहे तिला सांग. सरुबाईला."

"माह्यानं बोलवणार नाही तिच्यासमोर."

"मी येते सोबत. मी बोलायला सुरुवात करीन, पुढचं तू बोल. पण उद्या तोंड उघडायचं नाही."

"तुमी याल?"

"येईन म्हटलं ना."

बैठक झाली. मी वीस मिनिटांत सगळं मांडलं. व्हॅन हळू नाही, नियमानं चालते. उशीर होतो कारण ती पंधरा मिनिटं उशिरा निघते. आणि ती उशिरा का निघते? तर कोणाच्या चिरंजीवांना उठवत नाही म्हणून. त्यावर सगळे आपापल्या चपलांकडे पाहायला लागले. मग मी विपुलकडे वळले.

"काल तुझी गाडी व्हॅनच्या किती मागे होती?"

"मॅडम, मला जरा घाई..."

"चार हात. आणि मागच्या सीटवर कोण बसलं होतं? ती तुला हात करत होती. दिसली?"

त्याचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाही तो. पण डिवचलेला माणूस नेमका नको तिथे हात घालतो. दाराशी तू उभा होतास, तुझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "एवढा जर देवमाणूस आहे, तर विचारा ना त्याला. इतक्या वर्षांत याच्या हातून एकही ॲक्सिडेंट नाही?"

तू तोंड उघडलंस. मी पाहिलं. आणि मी तुझ्या आधी बोलले.

"याच्या नावावर कुठे एक नोंद नाही. मी चौकशी केली आहे. पुढचा विषय."

खोटं नव्हतं ते. कागद तसाच होता. तू माझ्याकडे पाहिलंस, मग खाली पाहिलंस. व्हॅन तुझ्याकडे राहिली. ती रोज पंधरा मिनिटं आधी निघायला लागली. सात वर्षं तू पोरं नेलीस आणि आणलीस, एकालाही दचका बसला नाही. हिमानी बारावी झाली.

आणि दर वर्षी, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की तू फाटकाशी येऊन सरुबाईकडे जायचं विचारायचास, "म्याडम, खकनारकडे जायचं का एखाद दिवस?" पहिल्या वर्षी मी म्हटलं, ऊन उतरू दे. दुसऱ्या वर्षी माझा मोतीबिंदू. तिसऱ्या वर्षी मी म्हटलं, आत्ता नको, विपुल कमिटीवर आला आहे, गोष्ट फिरत फिरत त्याच्या कानावर जाईल. चौथ्या वर्षी तू विचारलं नाहीस. मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं आहे, पण बरंच वाटलं. मी कोणाच्याही तोंडावर काहीही बोलू शकते, सगळं बुऱ्हाणपूर सांगेल. मग त्या बाईसमोर जायला मला कसली भीती वाटत होती? मला वाटतं, ती विचारील, इतकी वर्षं का नाही आलात, याची. तुझ्या उशिराला तुझं कारण होतं. माझ्या उशिराला फक्त तुझ्या व्हॅनचं निमित्त होतं, आणि ती तर मी केव्हाच राखली होती.

मागच्या वर्षी परवाना नवा करताना डोळ्याचा डॉक्टर नाही म्हणाला आणि तू व्हॅनची किल्ली शाळेत देऊन आलास. जाण्याआधी माझ्याकडे येऊन चहा प्यालास. आता कमिटीची भीती नव्हती, नोकरी नव्हती, झाकायला काही उरलं नव्हतं. तू कप खाली ठेवलास आणि थोडा वेळ बसून राहिलास. मी केळीच्या भावाचं काहीतरी विचारलं. तू उत्तर दिलंस आणि उठलास.

सरुबाई आहे. खकनारच्या पुढे सहा किलोमीटरवर, लेकाकडे. बाजाराच्या दिवशी काठी टेकत येते असं कळलं. इथून सव्वा तासाचा रस्ता. आपण गेलो नाही.