रिकामी बंदूक पुजत नाहीत

माझा हात फार चालायचा. शाळेत मी कवायतीचा मास्तर, तिथे तो पोरांवर चालायचा. रविवारी रायफल क्लबात मोठ्या माणसांवर. मिशा पिळलेले, दहा-वीस एकरांचे धनी, खिशात बंदुकीचा परवाना घेऊन फिरणारे लोक, आणि त्यांच्या थोबाडीत मारायची मला मुभा होती. मुभा कसली, तो क्लबाचा नियमच होता आणि तो मीच केला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लढाई नुकतीच होऊन गेली होती आणि ज्याला त्याला बंदूक हाती धरावीशी वाटत होती. वाशीमकडच्या मालेगावबाहेर दुष्काळी कामात मुरूम काढून मोठी खदान झाली होती. तीन बाजूंना कापलेल्या उभ्या भिंती आणि समोर मातीचा ढीग. तिथेच क्लबाचं मैदान झालं. रायफलवाले आम्ही चार-पाच, बाकी सगळे शेतकरी. जवारीत डुकरं घुसतात म्हणून कोणी बारा बोर घेतलेली, कोणाची आज्याच्या काळची ठासणीची. सेक्रेटरी होते गावातले जैन कापडवाले. वाटेत मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारा माणूस. त्यांनी जन्मात बार उडवला नव्हता, म्हणूनच काडतुसांच्या पेटीची किल्ली सर्वांनी त्यांच्या हवाली केली होती.

ढिगाच्या पायथ्याशी पुरुषभर खोल चर खणला होता. बार चालू असताना एक माणूस त्यात बसायचा. मी आखूड शिटी दिली की रांगेतल्या सगळ्यांनी बंदुका उघडून ताडपत्रीवर ठेवायच्या आणि चार पावलं मागं सरायचं. मग मी प्रत्येक नळीत बोट घालून, ठासणीची असली तर गज घालून, पाहायचो. सगळं रिकामं आहे याची खात्री झाली की लांब शिटी. ती ऐकल्यावर चरातला माणूस लाल बावटा रोवून बाहेर यायचा आणि निशाणाच्या कागदावरची भोकं खळ लावून बुजवायचा. बावटा वर असेपर्यंत कोणीही बंदुकीला हात लावायचा नाही. आणि तोंडानं ‘खाली हाय’ म्हटलेलं चालणार नाही. न दाखवता जो असं म्हणेल त्याला तिथल्या तिथं थोबाडीत.

लोक म्हणत, मास्तर लई कडू. पण पहिल्याच वर्षी डुकराच्या शिकारीला, हाक्यावर गेलो होतो, तिथे एकाचा जबडा त्याच्या सख्ख्या भावाच्या ‘खाली’ बंदुकीनं उडाला होता. जीभ छातीवर लोंबत होती आणि तो तिला हातानं वर ढकलत होता. भरलेल्या बंदुकीला सगळेच भितात. माणूस मरतो तो रिकाम्या बंदुकीनं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी किन्हीराजाचा एक शेतकरी आला. तीन एकरांचा धनी, हडकुळा, ठासणीची बंदूक खांद्यावर टाकलेली. कोणीतरी हाक मारली म्हणून तो वळला आणि नळी सगळ्या रांगेवरून फिरली.

“भरेल हाय का?” मी विचारलं.

“खाली हाय, गुरुजी.”

मी नळीत गज घातला. तो तळाला न पोचता टीचभर वरच अडला. आत दारू होती, छर्रे होते.

“रात्री डुकरं आलते जवारीत,” तो म्हणाला. “भुललो मी. तशीच राह्यली.”

मी मारलं. एक नाही, तीन. तिसऱ्याला त्याच्या कानातून रक्त आलं. त्याचा धाकटा भाऊ शेजारीच उभा होता, त्याच्या मुठी वळल्या होत्या, पण पुढे आला नाही. शिवाय शिक्षा म्हणून चार रविवार त्यानं चरात बसायचं, असं मी फर्मावलं. तो ‘बरं’ म्हणाला. घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अभिमानच होता.

दसऱ्याला मी सासुरवाडीला, शेलूबाजाराकडे गेलो. सासरे मोठे जमीनदार, क्लबाचेही सभासद. जीप बाळगून होते, परिसरात शब्दाला वजन. पाटावर त्यांची बारा बोर मांडली होती. हळद-कुंकू, झेंडूची माळ, सगळं तयार होतं. सासऱ्यांनी एक काडतूस माझ्यापुढे धरलं.

“रिकामी बंदूक पुजत नाहीत, जवाईबापू,” ते म्हणाले. “तुमीच भरा.”

त्या घरची ती रीत. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, तशी बंदूकही रिकामी पुजत नाहीत. जावयाचा मान होता. क्लबात कान फोडणारा मी, पण मुकाट्यानं नळी उघडून काडतूस आत सरकवलं आणि वर कुंकवाचं बोट लावलं. मग जेवणं झाली. पूजेनंतर सासरे काढून ठेवतील असं मी धरून चाललो. त्यांनी धरलं की ज्यानं भरलं तो काढेल. एकमेकांना विचारायचं कोणालाच सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी आम्ही विचारलं नसतं.

पुढच्या रविवारी मैदानात चाळीसेक माणसं होती. चरात किन्हीराजाचा शेतकरी. एक फेरी संपत आली असताना सासऱ्यांची जीप आली. मी आखूड शिटी दिली. रांगेतल्यांनी बंदुका उघडून ठेवल्या. सासऱ्यांनीही आपली ताडपत्रीवर ठेवली, पण मिटलेली. मी बोट घालत घालत तिच्यापाशी पोचलो. दस्त्यावर कुंकू तसंच होतं. घोड्याच्या खाचेत झेंडूची वाळलेली पाकळी अडकली होती. मी वाकलो.

“खाली हाय, जवाईबापू,” सासरे म्हणाले. हसत होते. सगळे पाहत होते.

उघडली असती तर चाळीस माणसांसमोर बायकोच्या बापाला खोटं ठरवल्यासारखं झालं असतं. कुंकू डोळ्यासमोर होतं. काडतूस आठवलं, नाही असं नाही. पण काढलं असेलच, असं मनाशी म्हणालो आणि पुढच्या बंदुकीत बोट घातलं. मग लांब शिटी दिली.

बावटा वर आला. तो हडकुळा माणूस खळीचा डबा घेऊन चरातून चढला आणि कागदाला उजव्या हातानं तुकडे चिकटवू लागला. इकडे सासरे सेक्रेटरींना सांगत होते, “घोडा ढिला झाल्ता. वाशीमहून दुरुस्त करून आनला. पाहा, कसा पडते.” त्यांनी बंदूक उचलली. तोंड ढिगाकडेच, नियमाप्रमाणे. मी दहा पावलांवर होतो. ‘ठेवा खाली’ हे दोन शब्द माझ्या गळ्यापर्यंत आले. किन्हीराजाच्या माणसासाठी ते गोळीसारखे सुटले असते. सासऱ्यांसाठी ते तिथंच अडकले.

बार झाला.

डुकरासाठीचं काडतूस होतं, जाड छर्ऱ्यांचं. मी पोचलो तेव्हा तो गुडघ्यावर बसला होता आणि डाव्या हातानं उजवा हात शोधत होता. मनगटाच्या पुढे बोटं नव्हती, नुसत्या चिंध्या होत्या आणि त्यातून रक्ताची चिळकांडी थांबत नव्हती. कोपराचं हाड कातडी फाडून वर आलेलं. कागदावर खळ आणि रक्त एकत्र ओघळत होतं. तो ओरडत नव्हता. “डबा सांडला, गुरुजी,” एवढंच म्हणाला. मी शिटीची दोरी काढून दंडाला करकचून बांधली.

मागं आरडाओरड झाली. त्याच्या भावानं काठी उचलून सासऱ्यांच्या पाठीत घातली होती, आता डोक्यात घालणार होता. मी धावत गेलो आणि त्या पोराला मारलं. तोंडावर, पोटात, पडल्यावर लाथेनं. ज्याचा भाऊ तिकडे मातीत रक्त सांडत होता त्याला मी लाथा घातल्या. माझ्या हाताला माझ्याहून खालच्याचाच गाल सापडायचा, वरच्याचा कधी सापडलाच नाही. सासरे बंदूक धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, “खाली होती. खाली होती.”

त्यांच्याच जीपमधून जखमीला नेलं. सेक्रेटरींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचं पांढरं धोतर कमरेपर्यंत लाल झालं होतं. अकोल्याला हात कोपराच्या वर कापला.

जमादार त्याच दिवशी पंचनाम्याला आला. सासऱ्यांनी मला खोटं बोल म्हणून सांगितलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मीच बोललो.

“लांब शिटी व्हायच्या आधीच तो चरातून बाहेर आला,” मी सांगितलं.

शिट्या दिवसभर वाजत होत्या, कोणती कधी वाजली हे कोण ध्यानात ठेवणार? ज्यांच्या ध्यानात होतं ते सासऱ्यांकडे पाहून गप्प राहिले. चूक जखमी माणसाची ठरली. त्याचा परवाना गेला, त्या वर्षी त्याची जवारी डुकरांनी उभी लोळवली. आणि हाताहून वाईट म्हणजे त्याचं नाव गेलं. ‘गुरुजीची शिटी आयकाची नाही, मंग असंच होते,’ असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मान डोलावली.

होळीनंतर मैदान पुन्हा सुरू झालं. सेक्रेटरींनी मला न विचारता किन्हीराजाच्या त्या माणसाला खदानीच्या तोंडाशी स्टुलावर बसवलं. आत जाणारी प्रत्येक बंदूक तो पाहणार होता. मी नाराजी दाखवली तेव्हा ते म्हणाले, “नळीत घालाले एकच बोट लागते, मास्तर.”

पहिल्या रविवारी रांगेत मी सगळ्यात पुढे होतो, माझ्या मागं दोन माणसं सोडून सासरे. तो स्टुलावरून उठला. सदऱ्याची उजवी बाही खिशात खोचलेली.

“खाली आहे,” मी म्हणालो. सवयीनं म्हणालो की मुद्दाम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानं डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. सणसणीत, सगळ्या रांगेसमोर. कानात घंटा वाजल्यासारखं झालं.

“नियम तुमचाच हाय, गुरुजी,” तो म्हणाला. मग माझ्या रायफलचा बोल्ट मागं ओढला, आत बोट घातलं, नीट पाहिलं आणि ती परत दिली. “खाली हाय. जा.” मी पाऊल उचललं तेव्हा हळू आवाजात म्हणाला, “आन् शिटी वाजली होती. म्या आयकली होती.”

मी थांबलो. मागं वळलो. सासऱ्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता.

“वाजली होती,” मी म्हणालो, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “मीच वाजवली होती. आणि मामाजींच्या बंदुकीत काडतूसही मीच घातलं होतं.”

रांग एक पाऊल पुढे सरकली. सासऱ्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी न सांगता बंदूक उघडली आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं आत बोट घातलं.