डेअरीतलं कपाट

आमच्या गावाला वाचनालय दुष्काळानं दिलं, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसा खुशाल! पण खरं तेच आहे. त्या वर्षी गावातली जनावरं चारा छावणीवर गेली, दूध बंद झालं आणि दूध सोसायटीची खोली रिकामी पडली. कॅन पालथे, वजनकाट्यावर धूळ. मी घरात नवी सून, दहावी झालेली, आणि सोसायटीचे चेअरमन म्हणजे माझे सासरे. पाटोद्याच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं फुकट मिळतायत असं कळलं, तशी मी मामंजींच्या मागंच लागले. शेवटी ते कावून म्हणाले, "आण बाई, ठिव त्या खोलीत. दूध यीस्तोवर तुझीच हाय ती."

त्या शेवटच्या वाक्याकडं मी लक्षच दिलं नाही. दूध येतंय कुठलं!

दोन पोती पुस्तकं एसटीच्या टपावरून आणली. शाळेनं एक लोखंडी कपाट दिलं, चांगलं जड. आणि काय सांगू, लोक यायला लागले! वेळाही डेअरीच्याच, सकाळी न् संध्याकाळी. पुस्तकाला धूळ लागू नये म्हणून किटलीत घालून आणायचे. "पुस्तक घालाया आलोय," म्हणायचे. जाडजूड कादंबरी दिसली की एखादा म्हातारा ती हातात तोलून म्हणायचा, "हिला फॅट लई दिसतंय."

पाण्याचा टँकरही डेअरीपुढंच थांबायचा. तो कधी येईल याचा काही नेम नाही, म्हणून बाया हंडे लावून तासन् तास बसायच्या. एकदा मी पायरीवर बसून मोठ्यानं वाचायला लागले. घर सोडून एकटीच निघालेल्या एका पोरीची गोष्ट होती. बाया हंड्यांसकट पुढं सरकल्या. दुसऱ्या दिवशी त्या टँकरच्या आधीच हजर! सगळ्यांत पुढं माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण मी एखादी ओळ गाळली की लगेच म्हणायची, "गडबड करू नको, नीट वाच."

मग पुढच्या साली पाऊस झाला. चांगला झाला. जनावरं घरी आली, सगळं गाव आनंदात आणि मला एकच घोर! आता खोलीचं काय?

एका सकाळी डेअरीपाशी गेले तर कपाट अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. वर आभाळ भरून आलेलं. माझं डोकंच फिरलं. मामंजी वजनकाट्याशी बसलेले. म्हणाले, "दूध यीस्तोवर म्हनलो व्हतो." चार माणसांत सुनेनं सासऱ्याला काय बोलावं? डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली. पहिल्या आत्याबाईच. त्यांनी किटली काही उघडली नाही. आमच्याकडं त्या काळी बायको चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलत नसे, मधल्या माणसाला सांगायची. मधलं माणूस मी!

"सूनबाई, तुझ्या मामंजीला सांग. आधी कपाट आत, मंग दूध."

मामंजीही माझ्याकडंच बघून म्हणाले, "सांग तुझ्या आत्याबाईला, कॅन ठिवाया जागा न्हाई."

"सांग त्यान्ला, दूधच घातलं न्हाई तर कॅन कशाला लागतेत?"

मी नुसती मान इकडून तिकडं फिरवतेय. मागं बायांनी किटल्यांची झाकणं घट्ट बसवली. एवढ्यात दुधाची गाडी आली आणि ड्रायव्हरनं हॉर्नवर हॉर्न सुरू केला. गाडी गेली तर अख्ख्या गावाचं दूध नासणार. मामंजींना दरदरून घाम. तेवढ्यात लिंबाच्या पानांवर टपटप थेंब वाजायला लागले. माझा जीव त्या कपाटात!

आत्याबाईंनी किटली खाली ठेवली. पदर कमरेला खोचला. कपाटाजवळ गेल्या आणि साऱ्या गावादेखत थेट नवऱ्याकडं बघून ओरडल्या, "आवं, बघता काय? धरा त्या बाजूनं!"

 ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. मामंजींचं तोंड उघडंच राहिलं. मग ते उठले, धोतर वर खोचलं आणि चेअरमन साहेबांनी कपाटाला हात घातला! दोघांनी धापा टाकत कपाट आत नेलं. मी पुढं पळत जाऊन कॅन बाजूला सारले. बायांनी असा गलका केला की बस्स!

आजही वाचनालय तिथंच आहे. पुस्तकांना अजून दुधाचा वास येतो.

त्या दिवशी आपलं दूध घालून झाल्यावर आत्याबाई पायरीवर बसल्या. "टँकर न्हाई म्हनून वाचन बंद का? वाच की. ती पोरगी परत आली का न्हाई मंग?"

मी पान उघडलं.

"जरा थांब की," आतून मामंजी म्हणाले. मला नाही, थेट त्यांना. "एवढं वजन करून मीबी येतो."