उंदरापतूरचं औषध

आईला अल्झायमर झालाय. पलूसच्या लॅबमधला माणूस संशोधनासाठी तिचं रक्त न्यायला येतो. सुई टोचताना हमखास विचारतो, "आवं आजी, माहेर कंचं?"

"मायक्रोआरएनए म्हंजी पेशीतला बारका लगाम," तो मला सांगायचा. "बिघडलेला लगाम आवरला, तर इसरनं थांबंल म्हणत्यात. पर औषध अजून उंदरापतूरच आलंय."

"उंदरांची सोय झाली म्हणायची!" मी चिडून म्हणायचे. तो कधी हसला नाही.

परवा रक्त घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं परत आला. आईच्या दंडाला पट्टा बांधत म्हणाला, "आवं आजी, माहेर कंचं?"

आईनं हातावरचा कापूस दाखवला. "मगाशीच नेलंस की रं, लेकरा."

तो कापसाकडं बघतच राहिला. मग पट्टा सोडून तो माझ्याकडं वळला.

"ताई, लॅबात सांगू नगासा."