सुरवाडे सिस्टरचं लेथ मशीन

छोटा हत्ती टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकला आणि जळगावातला अर्धा पिंप्राळा बाहेर येऊन उभा राहिला. मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जडशीळ धूड होतं. कुणी म्हणालं, उसाच्या रसाचं मशीन असेल. कुणी म्हणालं, सिस्टर आता पिठाची गिरणी टाकणार. द्रौपदाबाई सुरवाडे मात्र गाडीच्या मागे उभ्या राहून, "हळू रे बाबा, हळू! पेशंट उतरवतोय असं समजा," म्हणून हमालांना सांगत होत्या.

गोणपाट निघालं आणि आतून निघालं ते लोखंड कातायचं लेथ मशीन. जुनं, हिरव्या रंगाचं, टेबलावर मावेल एवढं. नशिराबादच्या एका कारखानदाराने कारखाना बंद केला, तेव्हा सिस्टरने ते उचललं होतं.

आयुष्यभर त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केली. हाडाच्या डॉक्टरांना ड्रिल द्यायचं, स्क्रू मोजून ट्रेमध्ये मांडायचे, रक्त पुसायचं. डॉक्टरांचं लक्ष हाडाकडे, यांचं त्या चकचकीत स्क्रूंच्या आट्यांकडे. ही एवढीशी आटी कुणी पाडली असेल? कशी? लहानपणी सावद्याला शाळेच्या वाटेवर एक वर्कशॉप होतं. तिथे लोखंडाची निळसर वेटोळी सुटताना बघत त्या एवढ्या रमायच्या की पहिली घंटा रोज चुकायची. निवृत्तीनंतर बाकीच्या सिस्टर सहलींना जाऊ लागल्या. द्रौपदाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "मला लेथ घ्यायचंय."

आधार सुरवाडे एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी जळगाव-धुळे रस्त्यावर गेलेली, स्वभावाने थंड. ते एवढंच म्हणाले, "घे. पण माझ्या झोपायच्या खोलीत नको."

मशीन मागच्या खोलीत बसलं. वायरमन जोडणी करून गेला आणि सिस्टरला दम निघेना. चक म्हणजे मशीनचा पंजा, कापायचा तुकडा घट्ट धरणारा. त्यांनी चावी घालून तो पंजा आवळला, दोनदा हलवून बघितला, खूश झाल्या आणि बटण दाबलं. चावी चकमध्येच राहिली होती.

ती सुटली ती बंदुकीच्या गोळीसारखी. उघड्या खिडकीतून बाहेर, कुंपणावरून पलीकडे, आणि थेट शेजारच्या चुडामण नानांच्या पाण्याच्या टाकीत. काळ्या प्लास्टिकला भोक पडलं आणि अशी काही धार लागली की खाली खाटेवर वाळत घातलेले नानींचे सगळे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, न्हाऊन निघाले. नानी ओरडत धावल्या. त्यांच्यामागून नाना आले, एकदा टाकीकडे आणि एकदा खिडकीकडे बघून म्हणाले, "सिस्टर, इंजेक्शन नेमकं कोणाला मारत होतात?"

गल्ली हसली. सिस्टरला हसू आलं नाही. टाकी बदलून दिली, नानींना नवे बिबडे करू लागल्या, पण मशीनवर जी चादर टाकली ती काढेनात. ती चावी नानींच्या डोक्यात बसली असती तर? थिएटरमध्ये वर्षानुवर्षं कधी एक कापसाचा बोळा इकडचा तिकडे झाला नाही, आणि घरात आपण हे केलं! त्यांना जेवण गोड लागेना.

आधारभाऊंनी काही दिवस बघितलं. मग एका सकाळी पायात चपला घालत म्हणाले, "चल, धुळ्याला जाऊ."

"कशाला?"

"माझ्या गाडीला एक मास्तर रोज असायचे. प्रेमराज सर. आयटीआयमध्ये शिकवायचे. माझ्या मागच्या सीटवर बसून मला क्लच कसा दाबावा ते शिकवायचे. आता रिटायर आहेत, पण फोनवर अजून शिकवतात. तुला शिकवतील, माझा कानही सुटेल."

प्रेमराज सरांच्या धुळ्याच्या घरात मोटार ठेवायच्या जागी मोटार नव्हती, धातूत खाचा पाडायचं मिलिंग मशीन होतं. तीळ ठेवायलाही जागा नाही एवढी हत्यारं, पण प्रत्येक हत्यार आपल्या खिळ्यावर. सरांनी चावीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. हसले नाहीत.

"अक्का, मशीनले घाई समजत नही. तिले फक्त कापनं समजस," ते अहिराणीत म्हणाले. मग शिकवायच्या भाषेत आले. "चावीचा एकच नियम. चकमध्ये असेल तेव्हा हात चावीवर. हात काढायचा असेल तर चावी बाहेर. पाणी प्यायला जायचं असेल तरी, फोन वाजला तरी. दुसरी जागा तिला नाही."

सिस्टरने मान डोलावली आणि सवयीने पर्समधून रबरी हातमोजे काढले.

"ते आत ठेवा."

"सर, हातमोजे घातल्याशिवाय मी आयुष्यात कशाला हात लावला नाही!"

"तिकडे मोजा हात वाचवतो. इथे फिरत्या जॉबने, म्हणजे कापायच्या तुकड्याने, मोज्याचं टोक धरलं की मोज्याबरोबर बोट जातं. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं, सगळं काढायचं. पदर नको, ओढणी नको, लांब बाही नको. चष्मा मात्र हवाच."

यावर सिस्टरचा बराच वाद झाला. शेवटी त्यांनी हातमोजे परत ठेवले आणि पर्समधूनच थिएटरची हिरवी टोपी काढून केस आत कोंबले. सर खूश झाले. "हाई बराबर शे."

तिथून शिकवणी सुरू झाली. कधी सिस्टर एसटीने धुळ्याला, कधी सर जळगावला. आधारभाऊ कधी बरोबर येत, तेव्हा नव्या ड्रायव्हरांच्या चुका मोजत बसत. सरांनी आधी मशीन समपातळीत आणून घेतलं, कारण टेबल डुगडुगलं तर कापणारं टूलही डुगडुगतं. टूलची उंची बघायची साधी युक्ती दाखवली: टूलचं टोक आणि जॉब यांच्यामध्ये पातळ लोखंडी पट्टी हलकेच दाबून धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल बरोबर मध्यावर. कलली तर उंची चुकली. सिस्टरला ते फार आवडलं. थर्मामीटर बघावा तशी त्या दर वेळी पट्टी लावून बघायच्या. कापताना निघालेला कीस हाताने झटकायचा नाही, मशीन थांबवून ब्रशने. कापायचं ते थोडं थोडं. एकदा त्यांनी घाईने जाड काप घेतला तर मशीन असं किंचाळलं की आधारभाऊ स्वयंपाकघरातून, "गियर बदल, गियर!" म्हणून ओरडले.

आधी नुसते खिळे-दांडे झाले, मग लाटणं, मग देव्हाऱ्यासारख्या छोट्या कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवायची पितळी पणती. हिवाळा सरता सरता सिस्टरला मोठी भूक लागली.

दर बुद्धपौर्णिमेला सुरवाडेंकडे सगळं गोत जमतं. खीर होते, आणि ऊन कलल्यावर लाकडी पॉटमधलं आइस्क्रीम. पॉट फिरवायची वेळ आली की जावई फोनवर बोलायला जातात, भाचे गच्चीवर जातात, आणि शेवटी आधारभाऊच फिरवत बसतात. स्टिअरिंगने त्यांचा खांदा कधीच गेला होता.

"यंदा पॉट इंजिन फिरवेल," सिस्टरने जाहीर केलं. "मी बनवणार."

"वाफेचं?" आधारभाऊंचे डोळे चमकले. "घरात मोठा कुकर आहेच."

शिकवायला आलेले प्रेमराज सर खुर्चीवरून उठलेच. "कुकरला हात लावायचा नाही! वाफ घरी कोंडायची नाही, भाऊ. फुटली तर आइस्क्रीम खायला कोणी उरायचं नाही. इंजिन वाफेचंच करू, पण चालवू कॉम्प्रेसरच्या हवेवर. पंक्चरवाला किरण देईल की."

ठरलं. सिलिंडर पिंप्राळ्यात लेथवर कातायचा, हवेच्या खाचा धुळ्याला मिलिंगवर पाडायच्या. पितळेचा तो ठोकळा सिस्टर जेवणाच्या डब्यात घालून एसटीने नेत. एकदा कंडक्टरने डबा उचलून बघितला आणि विचारलं, "मावशी, पोळ्या जरा कडक झाल्या का?"

आणि धुळ्यालाच घात झाला. सिलिंडर आरशासारखा झाला होता, त्यावर वळ उठतील म्हणून सिस्टरने तो मिलिंगच्या व्हाइसच्या जबड्यात जपून, हलक्या हाताने आवळला. कटर जॉबला भिडला, त्याने ठोकळा उचलला, एक आवाज झाला आणि किती आठवड्यांची मेहनत भिंतीवर आदळून खाली पडली. एका बाजूला खोल चर गेला होता.

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. डोळे भरून आले. "मी याला बाळासारखं धरलं हो, सर."

सरांनी आधी मशीन बंद केलं, मग सिस्टरचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "बोटं जागावर शेतस ना? मग बठ्ठं, सगळं शे. पितळ बाजारमां मिळस, अक्का, बोट मिळत नही." मग आतून ताईबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चहाची हाक मारली. चहा झाल्यावर त्यांनी दाखवलं की वळ उठू नयेत म्हणून जबड्यात तांब्याची पातळ पट्टी घालायची, पण आवळायचं ते पूर्ण ताकदीने. आणि जॉब कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवायचा, म्हणजे कटर त्याला ओढून नेत नाही.

सिस्टरने तो बिघडलेला ठोकळा तिथेच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नवा कातायला घेतला. या वेळी हात जास्त सराईत झाला होता. खाचा पडल्या, दट्ट्या बसला, वजनदार चाक लागलं. चाकावरून पट्टा, पट्ट्यावरून मोठी कप्पी, कप्पीवरून पॉटचा दांडा.

बुद्धपौर्णिमेला दुपार कलली आणि अंगण भरलं. सिस्टरचा भाऊ वना सावद्याहून केळीचा घड घेऊन आला होता. यंदा आइस्क्रीम केळीचंच, असा त्याचा हट्ट. बर्फ, खडेमीठ भरलं. किरणने कॉम्प्रेसर ढकलत आणला. सरांनी सगळ्यांना पट्ट्यापासून लांब उभं केलं. सिस्टरने हिरवी टोपी घातली, इंजिनला तेलाचे थेंब दिले, हवेची तोटी किंचित उघडली आणि चाकाला बोटाने धक्का दिला.

फुस्स. काही नाही.

पुन्हा धक्का. फुस्स... फुस-फुस... आणि मग फुसफुसफुसफुस करत चाक असं पळू लागलं की वनाने शिट्टी मारली. पॉट फिरू लागला. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. आधारभाऊ हाताची घडी घालून उभे होते आणि आपण काहीच करत नाही याचं सुख त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

बराच वेळ गेला. मग चाक हळू झालं. धापा टाकू लागलं. सिस्टरने तोटी थोडी उघडली, जरा चाललं, आणि फुस करून थांबलं. जावई समजुतीच्या आवाजात म्हणाले, "पहिलाच प्रयत्न आहे, आई."

सिस्टरचा चेहरा पडला. पट्टा निसटला का? दट्ट्या अडकला? त्यांनी आधी हवा बंद केली, मग चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. पट्टा काढला तर इंजिन मोकळं, अडत होता तो पॉट. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी सरांकडे, आणि दोघांनी एकदमच झाकणाला हात घातला.

आत आइस्क्रीम दगडासारखं घट्ट झालं होतं.

"अहो, झालंय!" सिस्टर ओरडल्या. "झालं म्हणूनच थांबलंय!"

मग जो कल्ला झाला त्यात चमचे कमी पडले. वना सगळ्यांना सांगत सुटला की केळी सावद्याची होती म्हणून एवढं घट्ट झालं. सरांनी तीनदा वाटी पुढे केली आणि ताईबाईंनी तीनदा डोळे वटारले.

आता पिंप्राळ्यातल्या दोन-तीन बायका रविवारी सिस्टरकडे शिकायला येतात. सिस्टर त्यांना लगेच लेथला हात लावू देत नाहीत. आधी कानस, मग पट्टी, मग मशीन. कुणी कंटाळून कुरकुर केली तर सिस्टर तिने काढून ठेवलेल्या बांगड्यांची वाटी तिच्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, "घाई असेल तर चहा टाक. इथे घाईचं काम नाही."