पोपटीची जागा

इंग्लंडमध्ये आमच्या घरामागच्या माळावर हिवाळ्यात कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, गॉर्स कापून घेतं. गॉर्स म्हणजे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. दिसायला हिरवंगार, पण ठिणगी पडली की तेल ओतल्यासारखं भडकतं. वणवा घरांपर्यंत येऊ नये म्हणून माळाच्या कडेने रुंद पट्टा मोकळा ठेवायचा, एवढंच काम. पण या माळावर जुन्या काळच्या खुणा आहेत: आत दफनं असलेले बुटके उंचवटे, जुन्या वाटांच्या घळी, महायुद्धात सैनिकांनी सरावासाठी खणलेले खंदक. अवजड यंत्र वरून गेलं की त्या खुणा कायमच्या गेल्या. म्हणून यंत्र येण्याआधी आम्ही स्वयंसेवक शनिवारी रांगेत चालून पट्टा पाहतो. काही दिसलं की भोवती बांबूच्या काड्या रोवून पिवळी फीत बांधतो. फितीच्या आत यंत्र जात नाही.

गटात मी सामानाची बाई. काड्या, फीत, मोजपट्टी, नकाशे, जास्तीचे हातमोजे, सगळ्यांच्या चहात साखर किती, हे माझ्याकडे असतं. मला ते आवडतं. मी यादीशिवाय दूधही आणत नाही, यावर घरात विनोद होतात, पण दूध कधी संपत नाही. गटाच्या प्रमुख भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्या नेहमी म्हणायच्या, "आधी हिला विचारा, हिला माहीत असतं." या वाक्यासाठी मी चिखलात कितीही चालले असते.

गेल्या जुलैत माळ पेटला. कार पार्कजवळ कोणीतरी वापरून फेकायची बार्बेक्यूची शेगडी पेटती सोडून गेलं होतं. धूर आमच्या गल्लीच्या टोकाच्या बंगल्यांपर्यंत आला. शेवटच्या बंगल्यातल्या एकट्या आजी मांजराच्या पेटीसकट आमच्याकडे राहायला आल्या. माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, त्यांना आल्याचा चहा करून दिला. दोघांना एकमेकांचं बोलणं फारसं कळत नव्हतं, तरी दोघं मांजराविषयी बोलत बसले होते. तेव्हापासून आजी कुंपणापलीकडच्या गॉर्सकडे बघून बाबांना विचारायच्या, "हे कधी कापणार?" बाबा सांगायचे, "सून बघते आहे."

वणव्यानंतर विस्तव पेटवणाऱ्यांवर गटात सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल तर मी. नव्या पाट्या मी प्लास्टिकमध्ये घालून खांबाखांबाला बांधल्या. "काही लोकांना समजच नसते," हे माझं त्या दिवसांतलं वाक्य.

फेब्रुवारीतल्या शनिवारी आम्ही त्या बंगल्यांमागचा तुकडा पाहत होतो. हा शेवटचाच तुकडा होता. मार्चपासून पक्षी घरटी करतात, मग कापणी बंद. चालता चालता प्रमुखबाई थांबल्या आणि हात वर केला. सशाने बीळ उकरलं होतं. उकरलेल्या मातीत काळी खापरं होती, कोळसा होता, आणि गवताखाली चपट्या दगडांचं नीट मांडलेलं कडं. दगड एका बाजूने भाजून तांबडे झालेले.

"कोणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "ही चूल आहे. आणि खापर बघा किती जाडंभरडं. चाकावरचं तरी आहे का?"

मी वाकून बघितलं.

ती आमची पोपटी होती.

माझे सासरे अलिबागकडचे. थंडीत शेतावर पोपटी लावायची हे त्यांच्याकडे ठरलेलं. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, ओवा, खडेमीठ; तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले. वणव्याच्या आधीच्या जानेवारीत, पहिल्याच हिवाळ्यात, त्यांना पोपटीची आठवण झाली. मी बर्मिंगहॅमला मैत्रिणीकडे गेले होते, तिथल्या दुकानातून शेंगा आणि मातीचं मडकं घेऊन आले. भांबुर्डा कुठला मिळायला, म्हणून कोबीची पानं.

बाबांनी मला विचारलं होतं. "अगं, इथे विस्तव चालतो ना? तिथे पाटी आहे काहीतरी."

पाटी मी वाचलेली होती. विस्तवाला बंदी, साध्या शब्दांत. मी म्हणाले, "चालतं हो बाबा. एवढ्या थंडीत, ओल्या माळावर कोण बघतंय?"

त्यांनी गवतासकट मातीचा थर आधी अलगद उचलून बाजूला ठेवला. भोवती दगड लावले, म्हणजे जाळ पसरणार नाही. पाण्याच्या बादल्या भरून आणल्या. मडकं तडकलं, तेव्हा नवरा म्हणाला, "कोंबडी वाचली, मडकं गेलं," आणि आम्ही उभ्यानेच बोटं भाजत खाल्लं. मग बाबांनी राख विझवली, पुन्हा विझवली, हाताने चाचपली, खापरं खड्ड्यात टाकली आणि गवताचा थर परत वर बसवला. इतका नीट, की वर्षभरात कोणाला पत्ता लागला नाही.

आता बाई गुडघ्यावर बसून त्याचे फोटो काढत होत्या.

"जुनं नसेल हे," मी म्हणाले. "कोणीतरी केलं असेल. अलीकडे."

"कोणीतरी म्हणजे?"

"लोक येतात ना इथे. काही लोक."

"गवताचा थर कापून, दगड लावून?" शेजारचा हिरव्या टोपीवाला हसला. "बार्बेक्यूवाले एवढे शहाणे असते तर जुलैत माळ जळला नसता."

"तुला खात्री आहे का?" बाईंनी विचारलं. "असेल तर सांग, आपण सोडून देऊ. नसेल तर फीत बांधू आणि तज्ज्ञांना कळवू. ते काही मार्चच्या आधी येत नाहीत. मग हा तुकडा यंदा राहिला."

मी कुंपणाकडे बघितलं. पलीकडे आजींचं स्वयंपाकघर होतं, खिडकीत मांजर. एक वाक्य पुरलं असतं. 'आम्ही केलं.' पण सगळे माझ्याकडे बघत होते, माझ्या अंगात नारिंगी जाकीट होतं आणि खांबावर मीच बांधलेली पाटी.

"खात्री नाही," मी म्हणाले. आणि माझ्याच पिशवीतून काड्या काढून दिल्या.

तेवढ्यात पायवाटेने बाबा आले. ही त्यांची रोजची फेरी. माकडटोपी, काठी, वरून नवऱ्याचं जुनं जाकीट. लांबूनच त्यांनी जागा ओळखली आणि चेहरा फुलला.

"अगं, ही तर आपली..." मराठीत म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. त्यांना ते वाचता आलं एवढं खरं. त्यांनी खापरांकडे बघितलं, काड्यांकडे बघितलं, फितीकडे बघितलं.

प्रमुखबाईंनी हसून विचारलं, "तुम्ही इथे रोज येता. कोणाला इथे विस्तव करताना पाहिलंत का?"

"नो, नो," बाबा म्हणाले. मान हलवली. "व्हेरी बॅड. सम पीपल." आणि काठी टेकत पुढे निघून गेले.

मी त्यांना हाक मारली नाही. हे माझे सासरे, असंही कोणाला सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा ते टीव्हीसमोर शेंगदाणे सोलत बसले होते. मी बूट काढले, भिंतीशी सरळ लावले, पुन्हा सरळ लावले.

"काय म्हणत होत्या तुझ्या बाई?"

"त्यांना वाटतंय जुनी चूल आहे. हजारो वर्षांची."

ते मोठ्यांदा हसले. "बघ! मी लावलेले दगड. उगाच नाही." मग हसू थांबलं. "पण त्या काड्या काढणार ना? आजीबाईंच्या मागचं रान तसंच राहील."

"काढणार नाहीत. मी सांगितलं नाही."

"मग सांग की." त्यांनी साल फुंकून टाकलं. "माझ्यावर घाल. म्हणावं, सासरा खेड्यातला आहे, म्हाताऱ्याला इथले कायदे कळत नाहीत. मला कोण काय बोलणार?"

"बाबा, असं कसं म्हणू?"

"त्यात काय? फाशी देणारेत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. काय बोलायचं त्याचे मुद्दे आधी कागदावर काढून ठेवले होते, आणि पहिला मुद्दा 'मला पाटी माहीत होती' हाच होता. बाईंनी फोन उचलला आणि मी म्हणाले, "ती चूल माझ्या सासऱ्यांची आहे. ते भारतातून नवीनच आले होते. त्यांना माहीत नव्हतं."

पलीकडे मोकळं हसू. "बिचारे! त्यांना कसं माहीत असणार? बरं झालं सांगितलंस." मीही हसले. फोन ठेवला आणि हसतच उभी राहिले. मुद्द्यांचा कागद मी फाडून टाकला.

काड्या निघाल्या. आठवडाभरात यंत्र येऊन बंगल्यांमागचं गॉर्स कापून गेलं. आजींनी बाबांना बिस्किटांचा डबा दिला. मला वाटलं, झालं, मिटलं.

नंतरच्या शनिवारी आम्ही कापलेला पट्टा बघत होतो, आणि बाबा फेरीला आले. हेच माझे सासरे, हे बाईंनी ओळखलं आणि तोंड भरून हसत पुढे गेल्या. त्यांनी खिशातून एक पत्रक काढलं. लहान मुलांसाठी छापलेलं असावं: वर पेटलेल्या काडीवर लाल फुली, खाली माळावरच्या पक्ष्यांची चित्रं. त्या मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. "इथे. विस्तव. नाही. पक्षी. घर. जळतं."

मन वाईट नव्हतं त्यांचं. त्या फार मायेने बोलत होत्या. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. "येस. थँक यू. सॉरी. थँक यू." आयुष्यभर ज्यांनी शेताच्या बांधावर विस्तव सांभाळला, राख हाताने चाचपल्याशिवाय जे उठले नाहीत, ते लाल फुलीवर बोट ठेवून ती नीट बघत होते. कारण मी तिथे होते.

"त्यांना सगळं कळतं," मी म्हणाले.

बाई वळल्या.

"त्यांनी मला विचारलं होतं. पाटी मी वाचली होती. चालतं म्हणून मीच सांगितलं. मीही खाल्लं."

हिरव्या टोपीवाला बुटांकडे बघू लागला. बाईंचं हसू लगेच गेलं नाही, पण त्याचं काय करावं हे त्यांना सुचेना. "अच्छा," त्या म्हणाल्या. "बरं." मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना पुढच्या टोकाला चला म्हणून सांगितलं.

बाबा पत्रकाची घडी घालत होते. "कशाला सांगितलंस?" ते वैतागून म्हणाले. "चांगलं चाललं होतं. तुझं नाव खराब झालं उगाच."

"झालंच होतं, बाबा."

"कोणाला माहीत होतं?"

त्यांना स्वतःला माहीत होतं. ते मला काही बोलतील याची भीती नव्हती. ते काहीच म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं.

काड्यांची पिशवी अजून माझ्याकडेच असते. चहात साखर किती, हेही. फक्त 'आधी हिला विचारा' असं बाई आता म्हणत नाहीत. जमीन बघतात, हातात खापर घेतात आणि स्वतः ठरवतात. ते योग्यच आहे.

या हिवाळ्यात मी बाबांना म्हटलं, आपल्या बागेत पोपटी लावू, आजींना आणि बाईंना बोलावू. मी मडकं आणते, शेंगा आणते. ते म्हणाले, "बाग लहान आहे, कुंपणाला धग लागेल." बागेची लांबी-रुंदी मी मोजलेली आहे. धग लागणार नाही. पण मी आग्रह केला नाही.

फेरीची वाट त्यांनी बदलली आहे. शनिवारी आमची नारिंगी जाकिटं लांबून दिसली की ते तळ्याकडच्या बाजूने वळतात, म्हणजे मला ओळख दाखवायची वेळ येऊ नये. मी आता हातातलं टाकून, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "बाबा!" अशी हाक मारते. सगळे वळून बघतात, बाबा सोडून. बाबांना कमी ऐकू येतं हल्ली, असं ते घरी म्हणतात.