हेडमास्तरांच्या सायकलीचा सौदा

चहा गरम आहे तोवर पिऊन घ्या, मग सांगतो. शिकलेला माणूस फसत नाही असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. मी चांगला बी.ए. झालेला, आणि तरी असा काही फसलो, की पुढं कित्येक महिने कारंजा गावात मला 'सरकीवाला मास्तर' म्हणायचे!

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. मी मूळचा वऱ्हाडातल्या अनसिंगचा, कास्तकाराच्या घरचा. पण लहानपणीच मामाकडं नागपूरला शिकायला गेलो आणि तिथून थेट कारंज्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. लागलो म्हणजे कच्चा. वर्ष भरत आलं होतं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे हेडमास्तरांच्या हातात होतं. आणि घरी बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, "कायम नाई झाला तं ये अन् वखर धर."

तर हे कारंजं. एके काळी तिथं कापसातली सरकी, म्हणजे बी, वेगळी काढणारे जिन धडधडायचे. सकाळी भोंगा झाला की गाव उठायचं, संध्याकाळी झाला की चुली पेटायच्या. मग मंदी आली आणि जुन्या पेठेतले जिन एकेक करून बंद पडले. धुराडी तेवढी उभी राहिली. पण पेठ काय सुंदर होती म्हणून सांगू! सागवानी खांब, कोरीव सज्जे, दारांवर पितळी कड्या. कापसाच्या गाड्यांनी रस्त्याच्या दगडांत चाकोऱ्या पाडलेल्या. खिडक्यांच्या जाळ्यांत अजून कुठं कुठं रुई अडकलेली असायची. मी त्या पेठेच्या प्रेमातच पडलो. खोटं कशाला सांगू?

दर रविवारी वही घेऊन मी तिथं हजर. एखाद्या घरासमोर उभा राहून सज्ज्याचं चित्र काढायला लागलो की दोन तास हलायचो नाही. आतल्या बाईला पाण्याला बाहेर पडता येत नाही, हे माझ्या डोक्यातच यायचं नाही. कुणी दिवाळीला दाराला रंग लावायला घेतला तर मी आडवा! "अहो, नका रंगवू! ही जुनी कळा जाईल!"

रहीमचाचा म्हणून एक होते. बंद पडलेल्या जिनाच्या इंजिनावर त्यांनी उभा जन्म काढलेला. मी त्यांना काय म्हणालो असेन? "चाचा, भोंगा नाही, धूर नाही. किती शांतता आहे इथं!"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "हौ मास्तर. लय शांतता हाये. घरात तं चूलबी शांत हाये."

मी ते वहीत लिहून घेतलं. सुंदर वाक्य म्हणून! बोला आता.

एका शनिवारी शाळा अर्ध्या दिवसानं सुटली. शाळेचे नकाशे रेल्वेनं यायचे होते. हेडमास्तर म्हणाले, "टेसनावर जाऊन पाहून या. माही सायकल घेऊन जा. लवकर या."

ती सायकल म्हणजे हेडमास्तरांचा जीव. रोज सकाळी स्वतः पुसायचे. बायकोला म्हणे तिला हात लावायची परवानगी नव्हती. मला दिली, म्हणजे आपलं कायम होणार, असा मी सोयीचा अर्थ काढला.

नकाशे आले नव्हते. सरळ परत यावं की नाही? पण वाटेत पेठ. आणि पेठेत नेमासावजी.

नेमासावजी म्हणजे कापसाचे जुने दलाल. धंदा बसला होता, पण खांद्यावर उपरणं टाकून रोज दुकानाच्या ओट्यावर बसायचे. शेजारी रहीमचाचा. मी सायकल ओट्याला टेकवली आणि म्हणालो, "सावजी, पूर्वी कापसाचा भाव उपरण्याखाली बोटं धरून ठरायचा म्हणे. मला एकदा दाखवाल?"

"तुमी कास्तकाराचे ना जी? तुमाले मालूम नाई?"

"नाही ना! म्हणून तर विचारतोय."

सावजींनी चाचांकडं पाहिलं. चाचांनी सावजींकडं पाहिलं. आता आठवतं ते पाहणं.

"माल कायचा धरू?" सावजींनी विचारलं.

मी हसत म्हणालो, "धरा की काहीही. ही सायकल धरा!"

सावजींनी उपरणं पसरलं, खाली माझा हात घेतला आणि दोन बोटं धरली. कुठलं बोट म्हणजे काय, मला काय कळतंय? म्हातारा माणूस इतक्या आपुलकीनं हात धरतोय, तर आपणही आपुलकी दाखवावी, म्हणून मी त्यांचा हात चांगला घट्ट दाबला.

सावजींनी फटकन हात बाहेर काढला. "पटला!"

"पटला!" चाचा म्हणाले.

"वा! वा!" मी म्हणालो. "काय पद्धत आहे!"

सावजी उठले, सायकल दुकानात ढकलली आणि दाराला कुलूप घातलं. मग शेजारच्या कोठीकडं बोट दाखवून म्हणाले, "तुमचे दोन पोते सरकी तिथं आहे. घेऊन जा."

"कसली सरकी?"

"सायकलीची. दोन बोटं, दोन पोते. तुमी हात दाबला ना?"

"अहो, पण तुम्ही तर दाखवत होतात!"

"आमी दाखवत नसतो, मास्तर. हात उपरण्याखाली गेला का सौदाच होते. चाळीस वर्सांत एकबी सौदा फिरला नाई. फिरला का, चाचा?"

"नाई फिरला," चाचा म्हणाले.

आता मात्र माझी नागपुरी शुद्ध भाषा पळाली. "सावजी, असं नका करू जी! ते सायकल माही नाई! हेडमास्तरची हाये! मले काढून टाकतीन ना!"

"हे सौद्याआधी सांगाचं असते," सावजी शांतपणे म्हणाले.

काय करणार? एक गाडी थांबवली, दोन पोती टाकली आणि त्यावर बसून शाळेत गेलो. हेडमास्तर दारातच उभे.

"नकाशे आले?"

"नाही सर. सरकी आली."

"अन् सायकल?"

"तिचीच झाली सर. सरकी."

त्यांनी पोत्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. गाडीत चढून पोत्यावर बसले आणि गाडीवाल्याला म्हणाले, "पेठेत चाल." त्यांच्या शेजारी बसून जाताना मला अनसिंगचा आमचा वखर अगदी स्पष्ट दिसत होता.

ओट्याशी गेल्यावर हेडमास्तरांनी चपला काढल्या. सावजींच्या समोर बसले. सावजी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाले आणि उपरणं पसरलं. दोघांचे हात खाली गेले. मला लांब उभं केलं होतं. उपरणं हलायचं, थांबायचं. सावजींनी एकदा डोळे मोठे केले. मग हसले. माझ्यासाठी हा माणूस काय काय देऊन बसतोय!

"पटला!"

"पटला!" चाचा तर या वेळी टाळीच देऊन म्हणाले.

सरकी उतरली, सायकल बाहेर आली. हेडमास्तरांनी धोतराच्या सोग्यानं घंटी पुसली आणि आम्ही चालत निघालो. बरंच अंतर गेल्यावर मी हिंमत केली.

"सर, फार द्यावं लागलं का हो?"

"काही नाई. तुमीच द्याचं आहे."

"मी? काय?"

"पेठेत पाय नाई ठेवाचा. सावजी म्हने, सायकल कोनाले पायजे, हा मास्तर आवरा. लोक कावले म्हने तुमच्या 'वा वा'ले."

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नोकरी तर वाचली होती! म्हटलं, "किती दिवस नाही जायचं?"

"त्यायनं एक बोट धरलं. एक वर्स."

"बरं झालं सर. एक वर्ष काय, निघून जाईल."

"पुरं ऐका. मंग मी त्यायची पाचही बोटं धरली."

"पाच?" मी रस्त्यातच थांबलो. "अहो सर, तुम्ही माझ्या बाजूनं बसला होता ना?"

"मी सायकलीच्या बाजूनं बसलो होतो," हेडमास्तर टांग मारत म्हणाले. "सोमवारी येऊन कायमच्या कागदावर सही घेऊन जा. पाच वर्सं दर रविवारी शाळेच्या कामाले रिकामा असनारा मास्तर मले दुसरा कुठं भेटन?"