उद्यमनगरला पेटंटची गोडी लावणाऱ्या विशाखाताई

ॲड. विशाखा कांबळे यांची आणि आमची ओळख झाली, ती त्यांनी आमचा प्रदर्शनातला स्टॉल रिकामा ठेवायला लावला म्हणून. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असे संपादकांनी सांगितले, तेव्हा सर्वांत आधी तो स्टॉलच डोळ्यांसमोर आला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचा छोटा कारखाना आहे. माझे माहेर आजऱ्याचे. तिथे मावशीचा काजू फोडण्याचा व्यवसाय आहे. बी फोडताना आतला गर तुटतो आणि तुटक्या गराला बाजारात कुणी फारसे विचारत नाही, ही तिची कायमची रड. माझे यजमान सर्जेराव यांनी चांगली नोकरी सोडली आणि गर अख्खा ठेवणारे यंत्र बनवण्याच्या मागे लागले. यंत्र जमले, तेव्हा ते कोल्हापूरच्या औद्योगिक प्रदर्शनात मांडायचे ठरवले. तेवढ्यात एका स्नेह्यांनी सुचवले, आधी शाहूपुरीत कांबळे वकिलांना भेटा.

"हे यंत्र आजवर कुणी कुणी बघितलंय?" ताईंनी पहिलाच प्रश्न केला.

"आम्ही दोघांनी, आमच्या कामगारांनी आणि मावशीनं," मी म्हणाले.

"मग प्रदर्शनात न्यायचं न्हाय."

"ताई, पोस्टरं छापून आलीत की!" यजमान कळवळले.

"पोस्टरं लावा खुशाल, यंत्राचा फोटो तेवढा झाका. आधी अर्ज, मग प्रदर्शन. एकदा सगळ्या गावानं बघितलं की हे नवीन हाय म्हणायला तोंड राहत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई कारखान्यात हजर झाल्या. पदर खोचून त्यांनी यंत्राचा भाग न् भाग सुटा करायला लावला. यात जुने काय, नवे काय, हे त्या खोदून खोदून विचारत होत्या. नवी होती ती पात्यांची बैठक. बी लहान असो की मोठी, पाती तिच्या मापाप्रमाणे आपोआप मागेपुढे सरकत. ही कल्पना कुठून सुचली, असे ताईंनी विचारले, तेव्हा यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी केसांचा चाप काढून दाखवला. दाट केस असोत की विरळ, स्प्रिंगमुळे चाप बेताने धरतो, तसेच पात्यांचे करता येईल, असे मी एकदा स्वयंपाक करता करता म्हटले होते.

"मग संशोधक म्हणून अर्जात दोघांची नावं येणार," ताई म्हणाल्या.

"आम्ही दोघं काय वेगळी हाय व्हय?" यजमान हसले.

"संसार एक असंल, सर्जेराव. डोकी दोन हायत."

माझे नाव तोवर लग्नपत्रिकेखेरीज कुठे छापून आलेले नव्हते. पुढे पेटंटच्या कागदावर ते पाहिले, तेव्हा मी त्यावरून दोनदा बोट फिरवले. ताईंनी माझ्यासाठी चहा मागवला.

प्रदर्शनात मात्र आमची फार गंमत झाली. अर्ज तयार होईपर्यंत आमच्या टेबलावर नुसता टेबलक्लॉथ! "पावणं, मशीन कुठाय?" असे येणारा-जाणारा विचारी आणि यजमान "येतंय, येतंय" म्हणत वेळ मारून नेत. अर्ज दाखल झाल्याचा ताईंचा फोन आला आणि शेवटच्या दिवशी यंत्र मांडले. तोवर नुसत्या उत्सुकतेनेच आमच्या स्टॉलवर गर्दी जमली होती!

ताई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका बौद्ध कुटुंबातल्या. वडील फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारे कामगार होते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ताई कायदा शिकल्या आणि मुंबईत सहज जम बसला असता, तरी परत आल्या. सुरुवातीला लोक म्हणत, "पेटंट आमाला काय करायचंय? बांधाची केस घेता का?" ताई हसून नकार देत आणि दुसऱ्या कारखान्याची पायरी चढत.

त्या मिळेल ते काम घेत, असेही नाही. एकदा एक बडे गृहस्थ गुळाच्या ढेपेचा साचा आपल्या नावाने नोंदवायला आले. "हा साचा समद्या गुऱ्हाळांत हाय. जे सगळ्यांचं हाय, ते एकट्याच्या नावावर मी करणार न्हाय," असे सांगून ताईंनी त्यांची बोळवण केली. मी तेव्हा तिथेच बसले होते. नवे राखायचे तसेच जुने मोकळे ठेवायचे, हा त्यांचा बाणा मला त्या दिवशी कळला.

आमची खरी परीक्षा पेटंट मिळाल्यानंतर झाली. ऐन काजूच्या हंगामात मावशीचा फोन आला. "अगं, मशीनचा रंग बदललास व्हय? शेजाऱ्याकडं निळं आलंय." आमचे यंत्र तर हिरवे! कुणीतरी हुबेहूब नक्कल करून विकत होते. ठरलेली गिऱ्हाइके एकेक करून गळू लागली. कामगारांना काय सांगावे, या काळजीने मला जेवण जाईना. यजमान तर चार माणसे गोळा करून निघालेच होते. ताईंनी त्यांना दारातच अडवले. "हातोडा खाली ठेवा. आपल्या हातात कायदा हाय."

ताई स्वतः आजऱ्याला जाऊन निळे यंत्र पाहून आल्या. मग ते बनवणाऱ्या महादेवरावांना त्यांनी नोटीस पाठवली आणि चर्चेला बोलावले. (महादेवरावांच्या परवानगीनेच मी त्यांचे नाव घेते आहे.) महादेवराव ताठ्यात म्हणाले, "आमचं यंत्र आमी सोता बनवलंय."

"असंल की," ताई शांतपणे म्हणाल्या. "खालच्या पट्टीत एक भोक हाय. ते कशासाठी?"

महादेवराव गडबडले. "ते… हवा जायला."

"सर्जेरावांनी आधी मोटर चुकीच्या जागी बसवली होती. त्या बोल्टचं भोक हाय ते. ओतकामाचा पॅटर्न, म्हंजे नमुना, बदलायचा त्यांनी आळस केला. तुमी तो आळससुदिक उतरवून घेतलाय!"

आधी यजमानांना हसू फुटले आणि पाठोपाठ महादेवरावही हसू लागले. हसता हसताच त्यांनी कान पकडले.

कोर्टात जाऊन त्यांचा कारखाना बंद पाडता आला असता. यजमानांची तीच इच्छा होती. पण ताई म्हणाल्या, "यांच्या कास्टिंगची सफाई तुमच्यापेक्षा सरस हाय. हिकडं तुमाला मागणी झेपंना. यांना लायसन द्या." त्यांच्याकडच्या कामगारांचीही घरे आहेत, हे ताईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले. यजमान दोन दिवस धुमसले आणि मग तयार झाले. आज गडहिंग्लज-चंदगड भागात आमच्या नावाची यंत्रे महादेवराव बनवतात, आणि ताईंच्या सत्कार समितीत सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारेही तेच!

हल्ली तंत्रनिकेतनांतली मुले-मुली आपापली उपकरणे घेऊन ताईंकडे येतात. गुडघे कुरकुरतात, डॉक्टर रागावतात. पण नवे यंत्र दिसले की ताई वाकून त्याच्या खाली डोकावतातच.

ताई, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, आयुष्य निरोगी आणि भरपूर लाभो. आणि आमच्या कारखान्यांतून इतक्या नव्या गोष्टी निघत राहोत, की निवृत्तीचा विषय काढायला तुम्हाला सवडच मिळू नये.